सिंधूअक्काला दिलेली पेटी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका रिमोटचं पोट फाडत बसलो होतो. म्हणाले, "नाना, यंदा तुमच्या छंदावर लिहा. जुन्या वस्तू मोडायचा छंद, लोकांना नवल वाटेल. जरा हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हणून मोकळा झालो. हलकंफुलकं जमणार नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वेळेवर न सांगणं ही माझी खोडच आहे, आणि खरं म्हणजे तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी छंदाचं सांगतो. अमळनेरात चौतीस वर्षं माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मग भिंतीवरचे चपटे टीव्ही आले. त्यांचं काही दुरुस्त होत नाही, नुसता बोर्ड बदलतात. बोर्ड बदलणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही, हमाल म्हणतो. दुकान बंद केलं तेव्हा आत एकोणीस टीव्ही पडले होते. लोक दुरुस्तीला टाकून गेले आणि परत फिरकलेच नाहीत. ते सगळे मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवले. आमच्या मंडळींनी, म्हणजे शालिनीने, विचारलं, "हे आता कोणाच्या डोक्यावर घालणार आहात?" मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एक उघडला.

जन्मभर टीव्ही उघडला तो परत लावायला. त्या दिवशी पहिल्यांदा परत लावायचा नाही म्हणून उघडला. पहिला स्क्रू सवयीने परत लावायला बाजूला ठेवला. पण एकदा तो पहिला स्क्रू डब्यात टाकला आणि मग मजा यायला लागली. काचेच्या नळीच्या मानेवर तांब्याची गुंडाळी असते, ती निघाली. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या निघाल्या. बोर्ड वेगळा, वायर वेगळी, स्पीकरचं लोहचुंबक वेगळं. संध्याकाळी डबे भरलेले बघून मला जेवढं समाधान वाटलं, तेवढं दुकान जोरात चालत असतानाही वाटलं नव्हतं.

नवशिक्याने काय करावं, असं बरेच जण विचारतात. चांगला स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, पकड घ्यावी, जाड हातमोजे घ्यावेत. जुना टीव्ही उघडला तर आधी नळीतला करंट जमिनीला द्यावा, कारण बंद टीव्हीसुद्धा माणसाला भिंतीवर फेकतो. मी स्वतः दोनदा फेकला गेलोय. काचेची नळी फोडू नये. वायरी जाळू नयेत, तांबं हवं असेल तर सोलून काढावं. बोर्डातलं सोनं काढतो म्हणून तेजाबाच्या नादाला लागू नये. जळगावातल्या एका हौशी गृहस्थाने तो उद्योग बाथरूममध्ये केला, आता जिना चढताना तीनदा बसतो.

हे सगळे नियम मी पाळायचो आणि दुसऱ्यांना ऐकवायचो. नाकाने कांदे सोलायचो म्हणा ना. चोपड्याच्या रस्त्यावर भंगारवाले वायरीचे ढीग पेटवायचे, तर मी सायकल थांबवून त्यांना शिव्या घालायचो. ते म्हणायचे, "नाना आले रे, विझवा." मी पुढे गेलो की परत पेटवायचे.

माझी ख्याती पसरली तशी माणसं यायला लागली. एक कापडवाले शेठ जुना कॉम्प्युटर घेऊन आले आणि म्हणाले, "नाना, ह्याच्या डोक्यातलं सगळं माझ्यासमोर फोडा." मी त्यातली चकती काढून ऐरणीवर ठेवली आणि घण घातला. फुटेपर्यंत शेठ उभे होते. मग तुकडे त्यांनी स्वतःच्या रुमालात बांधले आणि घेऊन गेले. आत काय होतं ते मी विचारलं नाही. सावद्याच्या एका केळीवाल्याने पंप मोबाइलवरून चालू करायची जळलेली डबी आणून दिली. तिच्या आत पालीचं आख्खं कुटुंब भाजून पडलं होतं. असे दिवस मजेत चालले होते.

माझा एक नियम मात्र मी कुठे लिहून ठेवलेला नव्हता. काही वाया घालवायचं नाही. टीव्हीच्या खोक्यात कोंबड्या बसवायच्या, काचेच्या झाकणाखाली पापड वाळवायचे. ज्याला जे उपयोगी पडेल ते त्याला तासून, घासून, साफ करून द्यायचं. लोक "नाना, नाना" करायचे आणि मला बरं वाटायचं. म्हातारपणी माणसाला दुसरं काय हवं असतं?

आमच्या शेडला लागूनच सिंधूअक्काचा गोठा. अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा कधीच गेलेला, मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात अक्का, सून मनीषा आणि मनीषाची दीड वर्षांची ओवी. दारात एक म्हैस आणि तिची वगार, वर्षभराची पारडी. त्या म्हशीवर ते घर उभं होतं. रोज सकाळी अक्काचं दूध आमच्याकडे यायचं, आजूबाजूच्या सहा-सात घरांत जायचं. म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. तिला एक वाईट खोड होती. सरकीची ढेप खाऊन झाली की घमेलं शिंगाने उडवायची. अक्काने कितीतरी घमेली तिच्यापायी फुकट घालवली.

त्याच सुमारास एकाने इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणून टाकली. बसकी, रुंद, दोन माणसांनी उचलायची. बॅटरी उघडायची नसते. ती अखंड बॅटरीवाल्याला परत द्यायची, हा धंद्यातला पहिला धडा आहे आणि मला तो तोंडपाठ होता. पण चौतीस वर्षांत मी एकही बॅटरी आतून पाहिलेली नव्हती. मला बघायचीच होती. छंदाचं असंच असतं. पोट भरायला करतो तेव्हा माणूस भितो, हौसेने करतो तेव्हा भीत नाही.

मी सगळी काळजी घेतली, म्हणजे मला तसं वाटलं. तेजाबाचं पाणी चुना घालून खड्ड्यात मारलं. शिशाच्या पट्ट्या हातमोजे घालून काढल्या आणि पोत्यात भरून बॅटरीवाल्याकडे पोचवल्या. पेटी सात पाण्यांनी धुतली. मधल्या भिंती करवतीने कापल्या, कडा कानशीने गोल केल्या, वरचं नाव आणि चित्र खरवडून काढलं. तळाला मात्र उंच कंगोरे होते आणि त्यांच्यामध्ये राखी रंगाचा गाळ घट्ट बसला होता. वाळून दगड झालेला. मी छिन्नी लावून पाहिली, निघेना. मग मनाशी म्हटलं, राहू दे. पेटी जडच बरी, चंद्री उलथवणार नाही.

हे वाक्य मी गेली तीन वर्षं रोज आठवतो.

पेटी नेऊन दिली तेव्हा अक्काने हात फिरवून बघितलं. "माय वो! नाना, हाई तं दगडनी डोणपेक्षा भारी शे. आते चंद्री कशी उलथी करस तेच देखू."

चंद्रीने शिंग लावून बघितलं. पेटी हलली नाही. मनीषा हसली, ओवी टाळ्या वाजवायला लागली. त्या आठवड्यात अक्काने आमच्याकडे दुधाचा पेला नेहमीपेक्षा मोठा पाठवला.

रोज दोन वेळा त्या पेटीत सरकीची ढेप भिजायची. पाण्याने गाळही भिजत होता, हे कोणाच्या ध्यानात येणार? माझ्या यायला हवं होतं. चंद्री ढेप संपली तरी पेटी चाटत बसायची. अक्का कौतुकाने सांगायची, "बठ्ठं चाटीपुसी खास."

दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी दूध आलं नाही. मी गेलो तर अक्का गोठ्यात उकिडवी बसलेली.

"नाना, कालपासीन ढेपले तोंड लावत नही. नुसती दात खाई ऱ्हायनी."

चंद्री दात करकर वाजवत होती. तोंडाला फेस. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला डोकं लावून उभी राहिली आणि तशीच ढकलत राहिली. अक्काने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला, पापणी हलली नाही.

"तिले दिसत नही, नाना. माले वळखत नही."

जनावरांचे डॉक्टर आले. तरुण होते, पण काम जाणणारे. त्यांनी ताप बघितला, पोट बघितलं, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "हिने काही खाल्लंय का? रंगाचा डबा, मशीनचं तेल, बॅटरी, असलं काही चाटलंय का?"

मी तिथे होतो. डॉक्टरांपासून चार हातांवर, गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. पेटी माझ्या पायाशी होती.

अक्का म्हणाली, "नही हो डॉक्टर. आठे बॅटरी कथाईन येई? ढेप शे, कडबा शे, पानी शे. बस."

तिला माहीतच नव्हतं. तिच्या लेखी ती नानांनी दिलेली पेटी होती. नाव मीच खरवडलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, सहजच, जसं घरातल्या मोठ्या माणसाकडे बघतात. मी पायाशी असलेल्या पेटीकडे बघितलं. तेव्हाच मला लख्ख कळलं होतं, म्हणून सांगतो. नंतर कळलं, उशिरा उमगलं, असलं काही नाही. कळलं, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. गोठ्यात सात-आठ माणसं जमली होती आणि ती सगळी मला 'नाना' म्हणत होती. दुसरं काही कारण नाही.

डॉक्टर वेगळंच इंजेक्शन देऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्री पाय झाडत मेली.

जनावर मेलं की कारण लागतं. गोठ्याच्या कोपऱ्यात ढेपेची गोणी होती, ती युरियाची निघाली. आमच्याकडे रिकामी गोणी कोणी फेकत नाही, खताची असली तरी धुऊन वापरतात. शेजारच्या एकाने ती उलटी केली आणि छापलेलं नाव वाचलं. युरिया पोटात गेला तर जनावर मरतं हे खेड्यातलं लेकरूही जाणतं. सगळ्यांच्या नजरा मनीषाकडे गेल्या, कारण ढेप ती भिजवायची.

"युरियानी गोणीमा ढेप ठेये ही!" अक्का किंचाळली. "मन्ही लक्ष्मी खाई टाकी हिनी!"

मनीषा रडली नाही. ती एवढंच म्हणत राहिली, "मी तीनदा धुयेल व्हती गोणी. तीनदा." ती बारावी शिकलेली, साक्रीकडची, कामाला चोख. मला माहीत होतं की तिने तीनदा धुतली असणार. मी तिथेही होतो.

पंधरा दिवस त्या घरात दोघींमध्ये शब्द नव्हता. मुलगा ट्रकवरून आला, आईचं ऐकलं, बायकोला दोन बोल लावले आणि परत ट्रकवर गेला. एका सकाळी मनीषा ओवीला काखेत घेऊन, पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाली. आमच्या दारावरून गेली. शालिनीने हाक मारली, तर म्हणाली, "काकू, माझ्या हाताने म्हैस मेली म्हणतात. उद्या पोरगी आजारी पडली तर काय म्हणतील?" ती गेल्यावर शालिनी मला म्हणाली, "काहीतरी बोला ना तुम्ही अक्काशी. तुमचं ऐकते ती." मी चष्मा पुसायला लागलो.

आता खरी लाज सांगतो. पेटी तिथेच होती, आणि तिच्यात आता वगार खात होती. मी पेटी परत मागू शकत नव्हतो. मागितली तर का मागितली ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी नवं कोरं घमेलं घेऊन गेलो. अक्का म्हणाली, "कसाले उगाच खर्च करतस? तुम्हनी पेटी शे ना." मी म्हटलं, पेटीला तडा गेलाय, वगारीच्या जिभेला लागेल. अक्काने बोटं फिरवून बघितलं, कुठे तडा सापडला नाही. ती म्हणाली, "नाना, तुम्हनं काम कधी फुटस का?"

असा महिना गेला. मी जेवायचो, शेडमध्ये बसायचो, स्क्रू डब्यात टाकायचो. गोठ्याकडून बारीक आवाज आला तरी दचकायचो.

आणि एका दुपारी तो आवाज आलाच. करकर. वगार दात खात होती.

मी हातातली पकड टाकली आणि कुंपण ओलांडून धावलो. या वयात ओलांडू नये, धोतर फाटलं. गोठ्यासमोर अक्का आणि तीन बाया गहू निवडत बसल्या होत्या. मी वगारीच्या तोंडाखालची पेटी ओढली आणि ढेपेसकट अंगणात उपडी केली.

"अक्का, ही बॅटरीची पेटी आहे. तळाला शिसं होतं, ते मी काढलं नाही. चंद्री त्याने मेली. मनीषाने काही केलेलं नाही."

एका दमात बोललो. सुपातले गहू हलायचे थांबले. मला वाटलं अक्का शिव्या देईल, सूप फेकेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सूप खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली,

"डॉक्टरनी इचारं तव्हय तुम्ही तठेच व्हतात ना?"

मी मान हलवली. ती उठली आणि घरात गेली. आजतागायत तिने मला नाना म्हटलेलं नाही. काहीच म्हणत नाही.

डॉक्टर धावत आले. शिशावरचं औषध असतं, ते लागोपाठ दिलं, वगार वाचली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिसं चवीला गोडसर असतं. जनावराला आवडतं, ते चाटतच राहतं. मी विचारलं त्या दिवशी कळलं असतं, तर म्हशीवरही प्रयत्न करता आला असता. वाचलीच असती असं नाही म्हणत." तो भला माणूस होता, शेवटचं वाक्य माझ्यासाठी जोडलं त्याने.

दुसऱ्या दिवशी मी आणि शालिनी साक्रीला गेलो. वाटेत शालिनी खिडकीबाहेर बघत बसली होती. धुळं आलं तेव्हा एकदाच बोलली, "मला तरी सांगायचं होतं." मनीषाच्या माहेरी ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. तिचे वडील उठून उभे राहिले, तिने हाताने त्यांना बसवलं. तिने पेटीचं विचारलं नाही, अक्काचं विचारलं नाही.

"आणि दूध?" तिने विचारलं. "ओवीला दोन महिने त्याच म्हशीचं दूध पाजलं मी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अब्रूचा विचार करत होतो, फार तर म्हशीचा. दूध तर मीही पीत होतो, आणि ती सहा-सात घरंही.

धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे ओवीचं रक्त तपासलं. शिसं होतं. असायला नको तितकं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उतरेल, लक्ष ठेवा. पुढच्या तपासण्यांना दर वेळी मी बरोबर गेलो. मनीषा पुढच्या सीटवर बसायची, मी मागच्या. आकडा उतरत गेला. पण ओवी उशिरा बोलायला लागली. अजूनही तिला शब्द सापडायला वेळ लागतो, 'पाणी' म्हणायचं असलं तरी आधी हात हलवते. ते शिशामुळे आहे की काही मुलं तशीच असतात, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. मी दर वेळी विचारतो. दर वेळी ते तेच सांगतात.

मनीषा परत आली. अक्काने गावासमोर तिची माफी मागितली, ते मी कुंपणाआडून पाहिलं.

मी अजून वस्तू मोडतो. दुसरं काही येत नाही मला. बॅटरीला हात लावत नाही, आणि शेडमधून एक खोकंही कोणाला वापरायला देत नाही. लोक मागतात, चिडतात. म्हणतात नाना म्हातारपणी चिक्कू झाला.

गेल्या महिन्यात ती वगार पहिल्यांदा व्याली. आमच्याकडे चिकाचा खरवस आजूबाजूच्या घरांत वाटायची रीत आहे. मला वाटलं, आमचं घर आता त्यात धरणार नाहीत. पण सकाळी मनीषा शेडच्या दारात उभी राहिली. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताला ओवी. तिने वाटी माझ्यासमोर टेबलावर, स्क्रूंच्या डब्याशेजारी ठेवली.

"डॉक्टरनी तपासं. चाली म्हनतस," ती म्हणाली. "पन ओवीले आजून दिधं नही. पहिले तुम्ही खा."

मी हात धुतले. वाटी उचलली. त्या दोघी दारातच उभ्या होत्या. मी चमचा न मागता बोटांनी खाल्लं, सगळं. वेलदोडा घातला होता. ओवी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"गोड शे का?" मनीषाने विचारलं.

"गोड शे," मी म्हणालो.

तिने वाटी घेतली. मग म्हणाली, "उद्या सकायलोंग देखू, मंग ओवीले देसू," आणि ओवीला घेऊन गेली.